फवारणी करून आलेला माणूस बरळतोय? ही नशा नाही, विषबाधा असू शकते

सप्टेंबरची संध्याकाळ. पऱ्हाटीत दिवसभर फवारा मारून गडी घरी येतो. पाठीवर पंपाच्या पट्ट्यांचे ओले वळ. शर्ट घामाने भिजलाय की औषधाने, ते कळत नाही. समोर ठेवलेला चहा घेत नाही. उगाच चिडतो, एका जागी बसत नाही, विचारलं एक की उत्तर भलतंच देतो. तोंडाला लाळ सुटलेली. घरचे म्हणतात, ऊन लागलं असेल. शेजारी हळूच म्हणतो, "घेऊन आला असेल." वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे, तरी पहिला संशय दारूवरच जातो. मग लिंबाचं सरबत पाजून त्याला झोपवलं जातं.

हा प्रसंग कोणा एकाचा नाही. पण फवारणीच्या हंगामात विदर्भातल्या कुठल्याही गावाला तो ओळखीचा वाटेल. यातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शेवटचं वाक्य. कारण माणूस विचित्र वागतोय, ही इथे वागणुकीची तक्रार नसते. ते आजाराचं लक्षण असतं. त्याच्या मेंदूत एक रसायन प्रमाणाबाहेर साचत चाललेलं असतं आणि घड्याळ सुरू झालेलं असतं.

हे रसायन कोणतं, त्याच्यामुळे माणसाचं वागणं का बदलतं आणि दर हंगामात "मास्क घातला नव्हता" एवढ्यावर चर्चा का थांबते, हे समजून घेऊया.

वर्ध्यात हा प्रश्न का?

कापूस, सोयाबीन आणि तूर ही वर्धा जिल्ह्याची मुख्य पिकं. हिंगणघाटची कापसाची बाजारपेठ विदर्भात सगळ्यांना माहीत आहे. जुलै ते ऑक्टोबर हा फवारणीचा काळ. त्यात पाऊस, दमट उकाडा आणि कमरेच्या वर गेलेलं पीक.

वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. २०१७ च्या हंगामात तिथे जे झालं, त्याची बातमी देशभर गेली. फवारणीतून झालेल्या विषबाधेमुळे २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि ८०० हून अधिक जणांना दवाखान्यात जावं लागलं. त्या वर्षी गुलाबी बोंडअळीचा जोर होता. पीक उंच आणि दाट वाढल्यामुळे फवारा थेट तोंडावर, छातीवर येत होता, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. सरकारने विशेष तपास पथक नेमलं. नोव्हेंबरमध्ये पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळसह काही जिल्ह्यांत ६० दिवसांची बंदी आली.

पीक तेच, कृषी केंद्रात मिळणाऱ्या बाटल्या त्याच, पाठीवरचा पंपही तोच. त्यामुळे नदीच्या अलीकडे धोका कमी आहे असं समजायचं कारण नाही.

आणि एक शब्द लक्षात घ्या. आपल्याकडे कीटकनाशकाला कुणी विष म्हणत नाही. "औषध मारायला गेलो" असंच म्हणतात. शब्दच असा असेल, तर भीती कशी वाटणार?

मेंदूतला ग्रामपंचायतीचा भोंगा

आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या एकमेकींशी रसायनांच्या मदतीने बोलतात. या रसायनांना न्यूरोट्रान्समीटर म्हणतात. हे बोलणं ढोबळमानाने दोन प्रकारचं असतं.

पहिला प्रकार फोन कॉलसारखा. एका पेशीने दुसरीला निरोप दिला, काम झालं. हात हलवायचा, अक्षर ओळखायचं, अशा नेमक्या कामांना हा प्रकार लागतो.

दुसरा प्रकार गावातल्या भोंग्यासारखा. "आज नळाला पाणी येणार नाही" अशी घोषणा ग्रामपंचायतीतून एकदाच होते, पण सगळं गाव आपापलं काम त्यानुसार बदलतं. मेंदूतही पेशींचे काही लहान गट असे आहेत की त्यांच्या फांद्या जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेल्या असतात. ते एखादा विचार पाठवत नाहीत. ते मेंदूची अवस्था ठरवतात: जागं राहायचं की झोपायचं, सावध व्हायचं की सैल पडायचं, नवं शिकायचं की जुनं आठवायचं.

असे चार भोंगे जास्त चर्चेत असतात. डोपामिन, नॉरॲड्रेनलिन, सेरोटोनिन आणि ॲसिटिलकोलिन. रील्समुळे डोपामिन सगळ्यांना पाठ झालंय. ॲसिटिलकोलिनला मात्र फारसे फॉलोअर्स नाहीत. आपली गोष्ट त्याचीच आहे.

ॲसिटिलकोलिनचं एक केंद्र मेंदूच्या पुढच्या भागात तळाशी आहे. तिथून ते मेंदूच्या संपूर्ण बाह्यस्तराला पोहोचतं आणि लक्ष एकवटायला मदत करतं. शेजारच्याच पेशी स्मृतीच्या भागाकडे फांद्या पाठवतात. दुसरं केंद्र मेंदूच्या देठात आहे. जाग येणं आणि स्वप्नांची झोप या दोन्हींत त्याचा हात असतो. स्वप्न पडत असताना नॉरॲड्रेनलिन आणि सेरोटोनिनचे भोंगे जवळजवळ बंद असतात, ॲसिटिलकोलिनचा मात्र जोरात चालू असतो.

मेंदूबाहेरही हेच रसायन कामाला असतं. स्नायू आवळणं, लाळ आणि घाम सुटणं, आतडी हलणं, डोळ्याची बाहुली लहान होणं, हृदयाची गती कमी होणं, हे सगळं त्याच्या निरोपावर चालतं.

भोंगा बंद करणारा माणूसच नाहीसा झाला तर?

घोषणा झाली की भोंगा बंद करावा लागतो. नाहीतर पुढचं काही ऐकूच येणार नाही. ॲसिटिलकोलिन बंद करण्याचं काम ॲसिटिलकोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम करतं. त्याचा वेग अफाट आहे. एन्झाइमचा एकेक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू तोडतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं नेमकी या एन्झाइमला जाऊन चिकटतात आणि त्याला निकामी करतात. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस, ॲसिफेट ही कापसाच्या पट्ट्यात ऐकू येणारी नावं याच गटातली. अळी मरते ती यामुळेच. तिच्या चेतासंस्थेतला भोंगा बंदच होत नाही. अडचण एवढीच की हे एन्झाइम अळीतही आहे आणि आपल्यातही.

मग माणसात काय दिसतं?

आधी शरीर बोलतं. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी. उलट्या, जुलाब, पोटात कळा. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. स्नायूंमध्ये बारीक फडफड. छातीत घरघर, कारण श्वासनलिकेतही पाणी साचायला लागतं.

मेंदू त्याच वेळी, कधीकधी त्याच्याही आधी बोलतो. अस्वस्थपणा, घाबरल्यासारखं वाटणं, चिडचिड, डोकेदुखी, भोवळ. मग बोलणं अडखळतं, वेळ-जागेचं भान सुटतं, माणूस बरळतो. प्रमाण वाढलं तर झटके येतात, शुद्ध हरपते आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्रही मंदावतं.

म्हणजे सुरुवातीच्या प्रसंगातला गडी "विचित्र वागत" नव्हता. त्याच्या सगळ्या मेंदूची अवस्थाच बदलली होती. त्याला ते स्वतःला कळणं कठीण, कारण कळण्याचं साधनच बिघडलेलं असतं. म्हणूनच "मी ठीक आहे, झोपू द्या" हे त्याचं म्हणणं पुरावा धरू नका.

इथे एक खुलासा. सगळी कीटकनाशकं अशी काम करत नाहीत. इमिडाक्लोप्रिडसारखी निओनिकोटिनॉइड औषधं एन्झाइमला हात लावत नाहीत, ती थेट ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतात. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइडचा मार्ग आणखी वेगळा. शेतात मात्र दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळली जातात. त्यामुळे कोणत्या बाटल्या वापरल्या हे डॉक्टरांना कळणं फार गरजेचं असतं.

स्वप्नात सुचलेला प्रयोग आणि बॉम्बच्या नात्यातलं औषध

चेतापेशी रसायनाने बोलतात, हे आज शाळेत शिकवतात. पण शंभर वर्षांपूर्वी यावर मोठा वाद होता. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाची चेता उत्तेजित करून त्याची गती कमी केली आणि त्याभोवतीचं द्रव दुसऱ्या हृदयावर सोडलं. तेही मंदावलं. म्हणजे निरोप द्रवातून गेला होता. ते रसायन ॲसिटिलकोलिन निघालं. प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली, असं लोवी सांगत. १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

त्याच वर्षी, १९३६ मध्ये, जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशकांवर काम करत होते. त्यांच्या हाती लागलं टॅबून, पहिला नर्व्ह गॅस. पाठोपाठ सारिन आलं. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत एका पंथाने सोडलेला वायू हाच. सारिन आणि आपल्या कृषी केंद्रातलं ऑर्गॅनोफॉस्फेट यांची तीव्रता खूप वेगळी आहे, पण नातं सख्खं आहे. दोन्ही एकाच एन्झाइमला बंद पाडतात.

तेच एन्झाइम, पण उपचारासाठी

आता गोष्टीला एक वळण. अल्झायमर झालेल्या आजी-आजोबांना डोनेपेझिल किंवा रिव्हास्टिग्माइन दिलेलं तुम्ही पाहिलं असेल. ही औषधं काय करतात? तेच एन्झाइम थोडंसं रोखतात. अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलिन सोडणाऱ्या पेशी कमी होत जातात. म्हणून उरलेलं रसायन जरा जास्त वेळ टिकावं, लक्ष आणि स्मृतीला थोडा आधार मिळावा, हा हेतू.

उलट टोकाला आपला धोतरा. त्यात ॲट्रोपिन आणि तत्सम द्रव्यं असतात. ती ॲसिटिलकोलिनचा निरोप घेणारी दारं बंद करतात. धोतऱ्याचं बी पोटात गेलेला माणूस तोंड कोरडं पडून, बाहुल्या मोठ्या होऊन भ्रमिष्टासारखा बोलतो, नसलेल्या गोष्टी पाहतो.

म्हणजे ॲसिटिलकोलिन जास्त झालं तरी माणूस भान हरपतो, कमी पडलं तरी हरपतो. मेंदूच्या या भोंग्यांचा नियमच असा आहे. "जितकं जास्त तितकं चांगलं" इथे चालत नाही. सगळा खेळ मधल्या अरुंद पट्ट्याचा आहे.

विषबाधेवरचा मुख्य उपाय याच नियमावर उभा आहे. डॉक्टर ॲट्रोपिन देतात. छातीतली घरघर थांबेपर्यंत, नाडी आणि रक्तदाब जागेवर येईपर्यंत डोस वाढवत नेतात. पण तो जास्त झाला की रुग्ण धोतरा खाल्ल्यासारखा बडबडतो, अंगाला ताप येतो, हवेत हात मारतो, चादर ओढतो. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं, "दवाखान्यात आणला तेव्हा बरा होता, इथे येऊन वेडा झाला." काही जण रुग्णाला उचलून घरी नेतात. असं करू नका. हा गोंधळ विषाचाही असू शकतो आणि औषधाचाही. त्यातला फरक डॉक्टर बाहुल्या, घाम, छातीचा आवाज आणि ताप पाहून ओळखतात आणि डोस बदलतात.

आणखी एक सापळा आहे. एक ते चार दिवसांच्या दरम्यान, रुग्ण सुधारला असं वाटत असताना, काहींची मान उचलत नाही आणि श्वासाचे स्नायू थकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये याचं वर्णन केलं. त्याला इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी व्हेंटिलेटर लागू शकतो. म्हणून "आता बरं वाटतंय" म्हणून सुट्टी मागण्याआधी थांबा.

वर्ध्याचं एक बलस्थान इथे सांगायला हवं. सेवाग्रामला १९६९ मध्ये सुरू झालेलं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे ग्रामीण भागातलं देशातलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. सावंगी मेघेलाही मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्याच्या टोकाच्या गावातून तिथे पोहोचायला वेळ लागतो. आणि निघायला उशीर होतो तो सरबत पाजण्यात.

मग चूक कोणाची?

दर वर्षी उत्तर ठरलेलं असतं: शेतकऱ्याने मास्क, हातमोजे, गमबूट घातले नाहीत. सल्ला चुकीचा नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट श्वासातून जातंच, पण त्वचेतूनही जातं. गळका पंप दिवसभर पाठ भिजवत असेल, तर ते न कळत शोषलं जात राहतं. पण ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात जाड पोशाख चढवून, २० किलोच्या आसपास वजनाचा पंप पाठीवर घेऊन आठ तास चालणं शक्य आहे का, हे सल्ला देणाऱ्याने एकदा करून पाहावं.

मास्कच्या पलीकडे तीन प्रश्न आहेत.

पहिला प्रश्न तपासणीचा. रक्तात कोलिनेस्टरेजची पातळी मोजता येते. कॅलिफोर्नियात १९७० च्या दशकापासून नियम आहे. या गटातली तीव्र औषधं ३० दिवसांत ६ दिवसांहून जास्त हाताळणाऱ्या कामगाराची हंगामाआधी आणि हंगामात रक्ततपासणी करायची. पातळी त्याच्या स्वतःच्या मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेली, तर मालकाने कामाची पद्धत तपासायची. लाल रक्तपेशींतलं एन्झाइम ७० टक्के किंवा त्याखाली गेलं, तर त्या माणसाला फवारणीवरून काढायचं. हंगामाआधीची तपासणी महत्त्वाची, कारण हा आकडा माणसागणिक खूप वेगळा असतो. आपल्याकडे शेतमजुराची अशी तपासणी होते ती बहुधा तो दवाखान्यात पोहोचल्यावर. म्हणजे धोक्याची घंटा आग लागल्यावर वाजते.

दुसरा प्रश्न बाटलीचा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. त्यात राज्याला फक्त तात्पुरती बंदी घालता येते, कायमचा निर्णय केंद्राचा. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी होती. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मध्यान्ह भोजनातून २३ मुलांचा जीव गेला, तो याच कीटकनाशकामुळे. तरी त्याचं ३६ टक्क्यांचं द्रावण बंद करण्याचा आदेश निघाला सप्टेंबर २०२३ मध्ये, उरलेला साठा संपवायला वर्षभराची मुदत देऊन. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं १९८० च्या दशकापासून एकेक करून काढून टाकली. १९९५ नंतर तिथला आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला, आणि पिकांचं उत्पादन त्यामुळे कोसळलं नाही. ज्या विदर्भात शेतकरी आत्महत्या हा इतक्या वर्षांचा घाव आहे, तिथे हा आकडा नीट वाचायला हवा. जगभरच्या अनेक अभ्यासांत या औषधांचा वर्षानुवर्षांचा संपर्क आणि नैराश्य, विसराळूपणा यांच्यात संबंध दिसलाय. त्यातलं कारण आणि परिणाम वेगळे करणं कठीण आहे, पण दुर्लक्ष करावं असा हा विषय नक्कीच नाही.

तिसरा प्रश्न मजुराचा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका व्यक्तीसाठी आहे. पाठीवर पंप मात्र अनेकदा रोजंदारीच्या गड्याच्या असतो, आणि बादलीत औषध कालवायला पाणी आणणारी बाई असते. त्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतं. विष त्वचेतून जाताना सातबारा विचारत नाही, योजना विचारते.

असं दिसलं तर काय कराल?

* फवारणी करून आलेला माणूस घाम, लाळ, उलट्या, बारीक बाहुल्या यांपैकी काही दाखवत असेल आणि सोबत गोंधळलेला, चिडलेला किंवा पेंगत असेल, तर विषबाधा समजूनच चाला.
* कपडे लगेच काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखं धुवा. हे करताना तुमच्या हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी असू द्या.
* दूध, लिंबू, मिठाचं पाणी पाजू नका. उलटी करायला लावू नका. शुद्ध कमी असेल तर कुशीवर वळवून ठेवा.
* १०८ ला फोन करा. विषबाधेबद्दल सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्सचं राष्ट्रीय केंद्र आहे: १८०० ११६ ११७.
* वापरलेल्या सगळ्या बाटल्या सोबत न्या, किमान लेबलचे फोटो तरी काढा. लेबलवरच्या चौकोनात लाल रंग म्हणजे सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.
* औषध चुकून गेलं की जाणूनबुजून घेतलं, यावरून उशीर करू नका. तातडीचे उपचार दोन्हींत तेच असतात. मन खचलं असेल तर टेलीमानस १४४१६ वर बोलता येतं, मराठीतही.

वेळ इतकी महत्त्वाची का? कारण विष चिकटलेलं एन्झाइम काही तासांनंतर कायमचं निकामी व्हायला लागतं. त्यानंतर शरीराला नवं एन्झाइम तयार करावं लागतं, आणि त्याला दिवस, आठवडे लागतात.

थोडक्यात

आपण माणसाच्या वागण्याला स्वभाव, नशा, ताण, बाहेरची बाधा अशी लेबलं पटकन लावतो. पण सावध असणं, शांत असणं, भानावर असणं या मेंदूच्या अवस्था आहेत आणि त्या काही मोजक्या रसायनांच्या तोलावर टिकून असतात. पऱ्हाटीतून येणारा वारा तो तोल अर्ध्या दिवसात ढळवू शकतो.

तेव्हा या हंगामात संध्याकाळी कुणी शेतातून भलतंच बोलत आलं, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्याआधी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघा. आणि गावच्या ग्रुपवर शुभ सकाळच्या फुलांसोबत एकदा १०८ आणि १८०० ११६ ११७ हे नंबरही टाकून ठेवा.